वेड्यांच्या इस्पितळापासून मनोरुग्णालयापर्यंत : रत्नागिरीतील एक संस्था आणि एक लोकसमज

प्रस्तावना

मराठी बोलण्यात काही गावांची नावे केवळ गावांची राहिलेली नाहीत. ‘याला आता ठाण्याला पाठवा’ किंवा ‘येरवड्याला जागा आहे का बघा’ असे कोणी म्हटले, तर त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. दक्षिण कोकणात तेच काम रत्नागिरीचे नाव करते. सहज थट्टेत येणाऱ्या या वाक्यांमागे सुमारे एकशेचाळीस वर्षांचा संस्थात्मक इतिहास आहे, याची जाणीव मात्र बोलणाऱ्याला क्वचितच असते.

मानसिक आजाराविषयीचे गैरसमज हे अज्ञानाचे व अंधश्रद्धेचे फलित होय, असे सामान्यतः मांडले जाते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन काहीसे वेगळे आहे. मनोरुग्ण हा धोकादायक, कायमचा निकामी आणि म्हणूनच दूर ठेवण्याजोगा होय, ही जी समजूत आज सुशिक्षित घरांतही आढळते, तिची घडण बऱ्याच अंशी कायद्याने व शासकीय व्यवस्थेने केलेली आहे. तिचा सगळा भार गावच्या गुरवाच्या माथी मारणे इतिहासाला धरून होणार नाही.

कायद्याची भाषा

१८५८ साली या विषयावर ३४, ३५ व ३६ या क्रमांकांचे तीन कायदे संमत झाले. त्यांपैकी पहिल्या दोहोंचा मुख्य रोख वेडसर ठरलेल्या व्यक्तीच्या मालमत्तेच्या व्यवस्थेकडे होता. तिसरा कायदा वेड्यांच्या इस्पितळांचा. मोकाट भटकणाऱ्या किंवा धोकादायक वाटणाऱ्या वेडसर इसमास पोलिसांनी ताब्यात घ्यावे आणि दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे, अशी त्याची रीत होती. म्हणजे रुग्णाची शासनाशी पहिली गाठ पडे ती वैद्यामार्फत नव्हे, शिपायामार्फत. उपचार हा शब्द या साऱ्या व्यवहारात फार मागे होता.

याच कायद्याच्या अंमलात मुंबई इलाख्यात कुलाबा, पुणे, धारवाड, अहमदाबाद इत्यादी ठिकाणची इस्पितळे चालत होती. १८८६ साली त्यांत रत्नागिरीची भर पडली. हे वर्ष रत्नागिरीकरांच्या स्मरणात दुसऱ्याच कारणाने आहे. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रजांनी याच वर्षी रत्नागिरीत आणून ठेवले आणि १९१६ साली त्याचा अंत येथेच झाला. पुढे १९२४ ते १९३७ या काळात स्वातंत्र्यवीर सावरकर येथेच स्थानबद्ध होते. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस सह्याद्रीचे घाट, आगगाडी नाही (कोकण रेल्वे पूर्णत्वाने धावू लागली ती १९९८ मध्ये). अशा या गावात राजा, राजबंदी आणि मनोरुग्ण या तिघांचीही वसती सरकारने करावी, हा निव्वळ योगायोग असेलही. परंतु तिघांच्या बाबतीत लोकांनी पाहिले ते एकच : सरकार ज्यांना इथे आणते, ते सहसा परत जात नाहीत.

१९१२ च्या भारतीय वेडसरपणा कायद्याने पूर्वीच्या कायद्यांची जागा घेतली. स्वेच्छेने दाखल होण्याची सोय त्यात होती, पण तीही इस्पितळाच्या दोन अभ्यागतांची संमती मिळाली तर. सर्वसाधारण मार्ग दंडाधिकाऱ्याच्या हुकुमाचाच राहिला. या इस्पितळांचा एक पदसिद्ध अभ्यागत कोण, तर तुरुंगांचा महानिरीक्षक! ज्या दाराशी पोलीस पोहोचवतो, ज्याची कडी न्यायालयाच्या आदेशाने उघडते आणि ज्याची पाहणी तुरुंगांचा अधिकारी करतो, त्या दाराआडच्या माणसाला शेजाऱ्यांनी आजारी न म्हणता कैदी मानले, तर दोष शेजाऱ्यांना किती द्यावा? १९२० नंतर या संस्थांच्या पाट्या बदलून त्यांवर मानसिक रुग्णालये असे नाव आले. कायदा मात्र १ एप्रिल १९९३ पर्यंत, म्हणजे १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा प्रत्यक्ष अमलात येईपर्यंत, तोच होता. स्वातंत्र्यानंतरची पंचेचाळीस वर्षे आपण ‘वेडसर’ हाच शब्द कायद्यात बाळगून होतो.

लोकपरंपरेची दुसरी बाजू

वस्तुतः परंपरेचे चित्र एकरंगी नाही. चरकसंहितेत उन्मादाचे पाच प्रकार सांगितलेले असून त्यांपैकी चार शरीरातील दोषांशी जोडलेले आहेत. पाचव्या, आगंतू प्रकाराच्या विवेचनातही माणसाने आपल्या कर्माचा दोष देव, गंधर्व वा पिशाचांवर ढकलू नये, असा स्पष्ट अभिप्राय येतो. सर्पगंधेची मुळी उन्मादावर पूर्वापार वापरात होती. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली तिच्याविषयी लिहिले, आणि तिच्यातून काढलेले रिसर्पिन १९५० च्या दशकात पाश्चात्त्य मनोरुग्णालयांत पोहोचले. मराठीत तर ‘वेड’ हा शब्द भक्तीलाही लागतो आणि पराक्रमालाही. ‘खूळ’, ‘पिसे’ यांतही निव्वळ तिरस्कार नाही.

कोकणात घरातील माणूस असंबद्ध बोलू लागला, रात्र-रात्र जागू लागला, की प्रथम गाऱ्हाणे घातले जाते, कौल लावला जातो. चाळेगत, बाहेरची बाधा ही निदाने आजही ऐकू येतात. यात उपचाराचे मोलाचे महिने, कधी वर्षे वाया जातात, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र गाऱ्हाण्यात रुग्ण गावातच राहतो आणि दुखणे त्याचे एकट्याचे न राहता घराण्याचे होते, हेही नोंदवले पाहिजे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, साखळीने बांधणे, मिरच्यांची धुरी देणे हा वेगळा प्रकार होय, आणि महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा ठरला आहे. त्याआधी ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे आग लागली, तेव्हा साखळदंडांमुळे पळता न आल्याने २८ मनोरुग्णांचा बळी गेला होता. रुग्ण बांधून ठेवायचा असतो, हे एरवाडीच्या चालकांना केवळ श्रद्धेने शिकवले होते काय?

आजाराबरोबर जगणे

१९५२ मध्ये क्लोरप्रोमाझिनचा उपयोग सुरू झाल्यापासून तीव्र मानसिक आजारांचे वैद्यकीय चित्र पालटले. औषध, समुपदेशन आणि घरच्यांची साथ यांच्या बळावर असंख्य रुग्ण नोकरी करतात, शेती पाहतात, संसार करतात. समाजाच्या कल्पनेत मात्र मनोरुग्ण म्हणजे इस्पितळातला माणूस. वस्तुस्थिती पाहावी : रत्नागिरी (३६५), ठाणे (१८५०), येरवडा (२५४०) व नागपूर (९४०) या राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांच्या मंजूर खाटा एकत्र केल्या तरी ५६९५ होतात. उलट २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील सुमारे १०.६ टक्के प्रौढ व्यक्तींना कोणता ना कोणता मानसिक विकार होता. हे लोक भिंतीआड नाहीत. ते आपल्या वर्गात आहेत, प्राध्यापक कक्षातही आहेत. परीक्षेस बसू न शकलेला विद्यार्थी टायफॉइडचा दाखला आणतो आणि खरी चिठ्ठी घरी पेटीत राहते, हा अनुभव कोणाही अध्यापकाला अपरिचित नसावा. बहिणीचे लग्न ठरेपर्यंत भावाचे औषध दुसऱ्या गावाहून आणणारी कुटुंबेही आपण पाहतो.

हे मौन सोडण्याचे प्रयत्न मराठी समाजात झाले. कॅलगरी विद्यापीठातील प्राध्यापक जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने पुण्यात १९९७ साली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ (२००४) हा चित्रपट कोकणातील एका स्किझोफ्रेनियाग्रस्त तरुणाचा आणि त्याला सांभाळताना दमणाऱ्या बहिणीचा आहे. रुग्णाइतकेच लक्ष त्याच्या सोबतीच्या माणसाकडे देणे, हे त्याचे विशेष योगदान होय. कर्जतजवळ डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा पुनर्वसन संस्था रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना उपचार देऊन घरी पोहोचवते. १८५८ च्या कायद्याने ज्यांना शिपायाच्या हवाली केले, तीच ही माणसे. २०१८ साली वाटवानी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. मानसिक आजाराचे निदान झाले एवढ्यावरून कोणी विकल मनाचा ठरत नाही. तसे ठरवणे न्यायालयाचे काम, असे तो सांगतो. कुटुंब नाही, किंवा असून स्वीकारत नाही, एवढ्याच कारणास्तव कोणालाही रुग्णालयात डांबून ठेवता येणार नाही, हेही त्यात आहे. या तरतुदीची गरज किती होती, ते २०२१ मध्ये दिसले. महाराष्ट्रातील मनोरुग्णालयांतून बऱ्या झालेल्या काही व्यक्तींना भिक्षेकरी गृहांत व वृद्धाश्रमांत हलवले जात असल्याचे सर्वोच्च न्यायालयापुढे आले आणि ते ताबडतोब थांबवण्यास न्यायालयाने राज्याला सांगितले. त्यांचे आजारपण सरले होते. उंबरठा ओलांडून आत घेणारे घर तेवढे नव्हते.