खरेदीखत आणि परवाना

आमच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये पालकांच्या पत्त्यासाठी एकच रकाना आहे. दर जून महिन्यात नवी मुले दाखल होतात आणि त्या रकान्यापाशी आमची लेखणी अडखळते. वडील कुवेतला किंवा दुबईला, आई आणि दादी गावात, चाचांचा फ्लॅट मुंब्र्याला. "तुमचं घर कुठं?" असे विचारले की मूल आधी आईच्या तोंडाकडे पाहते.

यंदा एका विद्यार्थ्याचे वडील सुट्टीवर आले होते. शाळेत भेटायला आले ते मोठ्या खुशीत. "सर, दुबईत फ्लॅट घेतोय. पहिला हप्ता भरला. आता भाडं भरायचं संपलं, स्वतःचं घर होणार." आम्ही त्यांना मुबारकबाद दिली. दोन दिवसांनी त्यांच्या अम्मी वाटेत भेटल्या. पुढच्या हप्त्यांसाठी गावातल्या घराचा आपला हिस्सा विकायचे मुलाच्या मनात आहे, असे त्या म्हणाल्या. "तुम्ही शिकलेले आहात, त्याला जरा समजवा."

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवतो. पैशाचा हिशेब आम्ही काय समजावणार? पण परदेशात घर घेणारी आपली ही पहिली पिढी नव्हे, एवढे आम्हाला ठाऊक होते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रत्नागिरी आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांतले कोकणी मुसलमान आगबोटीने दक्षिण आफ्रिकेला जाऊ लागले. नाताळच्या उसाच्या मळ्यांवर करारावर नेलेल्या मजुरांपैकी हे नव्हते. तिकीट स्वतःच्या खर्चाने काढून गेलेले, म्हणून इतिहासकार त्यांना 'पॅसेंजर इंडियन' म्हणतात. या नावावरून ते सगळे धनिक व्यापारी असावेत असे वाटते. प्रत्यक्षात केपटाऊनला उतरलेले आपले बरेच लोक कष्टकरीच होते. कुणी दुकानात नोकर, कुणी मजूर, कुणी हातगाडीवर भाजीपाला विकणारा. केपचे मलाय मुसलमान आपल्यासारखेच शाफई. त्यामुळे मशिदीतले परकेपण लवकर संपले, पुढे निकाहही झाले. परकारांचे तिथे 'पार्कर' झाले.

घराच्या बाबतीत केपटाऊनचे लोक नशीबवानच म्हणायचे. उत्तरेकडे ट्रान्सवालमध्ये १८८५ च्या तिसऱ्या क्रमांकाच्या कायद्याने आशियाई माणसाला ठरवून दिलेल्या वस्तीबाहेर स्थावर मालमत्ता घेण्यास मनाई होती. या कायद्यात तुर्की सल्तनतीच्या मुसलमान प्रजेचाही नाव घेऊन उल्लेख होता. तिथले व्यापारी मग एखाद्या ओळखीच्या गोऱ्या माणसाच्या किंवा कंपनीच्या नावावर जागा घेत. पैसा आपला, नाव दुसऱ्याचे. १९१९ मध्ये कंपनीची ती वाटही बंद करणारा कायदा आला. केपमध्ये मात्र माणसाच्या स्वतःच्या नावावर खरेदीखत होऊ शकत होते. मोठ्या मेहनतीने पैसा जोडून काहींनी दुकान घेतले, काहींनी घर घेतले.

पण खरेदीखताच्या जोडीला आणखी एक कागद लागत असे, तो म्हणजे परवाना. केपच्या १९०६ च्या स्थलांतर कायद्यानंतर गावी जायचे तर फी भरून, फोटो लावलेला परवाना घ्यावा लागे. त्याला मुदत असे. बहिणीच्या शादीला, वालिदांच्या आजारपणात कोकणात आलेला माणूस त्या मुदतीकडे डोळे लावून बसे. मुदतीत परतला नाही तर केपटाऊनचे दार त्याला बंद होण्याची भीती. दुकान त्याचे, चाव्या त्याच्या कमरेला, पण आत जायचा हक्क सरकारच्या मर्जीवर! बरीच वर्षे बायका-मुले गावातच राहिली. १९५३ च्या कायद्याने तर भारतात लग्न करून बायको तिकडे नेण्याची वाटही बंद केली.

एवढे होऊनही घर तरी आपले आहे, असे ज्यांना वाटत होते त्यांचा तो भरवसा १९५० च्या 'ग्रुप एरियाज' कायद्याने मोडला. कोणत्या वंशाच्या माणसाने कोणत्या मोहल्ल्यात राहायचे हे सरकार ठरवू लागले. गोरे वेगळे, काळे वेगळे, मलाय वेगळे, भारतीय वेगळे. एकाच सफमध्ये नमाज पढणाऱ्यांना राहण्यासाठी निरनिराळे विभाग नेमून दिले. 'बो-काप' हा भाग मलाय लोकांसाठी राखीव झाला, तिथल्या भारतीयांना निघावे लागले. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी केपटाऊनचा 'डिस्ट्रिक्ट सिक्स' हा भाग गोऱ्यांसाठी राखीव असल्याचे जाहीर झाले. पुढच्या दीड दशकात तिथून साठ हजारांवर माणसे हलवली गेली. घरांवर बुलडोझर फिरले. मशिदी आणि चर्च तेवढी उभी राहिली. भारतीयांसाठी रायलँड्ससारख्या वस्त्या नेमल्या होत्या, तिथून लोक जुम्म्याला जुन्या मशिदीत येत. मशीद जागेवर होती, भोवतीचा मोहल्ला नव्हता.

सरकारचे म्हणणे असे, की ती वस्ती गलिच्छ झाली होती. या म्हणण्याची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. उद्या घर राहील की नाही हेच माहीत नसताना कोण छप्पर बदलणार? कोण भिंतीला रंग लावणार? घराची डागडुजी पैशाने होते हे खरे, पण त्याआधी मनात भरवसा लागतो. तो कायद्याने हिरावून घ्यायचा आणि मग पडक्या भिंतींकडे बोट दाखवायचे, असा हा न्याय होता.

वर्णभेदी राजवट गेल्यावर १९९४ मध्ये जमीन परत देण्याचा कायदा झाला. दावे दाखल करण्याची मुदत ३१ डिसेंबर १९९८ होती. मालकांना दावा करता येत होता, तसाच भाडेकरूंनाही. फेब्रुवारी २००४ मध्ये नेल्सन मंडेला यांनी डिस्ट्रिक्ट सिक्समध्ये परतणाऱ्या पहिल्या दोन वृद्धांच्या हाती नव्या घरांच्या किल्ल्या दिल्या. जाहीरनाम्यापासून अडतीस वर्षांनी! त्यानंतरही कितीतरी दावेदार वर्षानुवर्षे वाट पाहत राहिले.

आता दुबई म्हणजे काही वर्णभेदी केपटाऊन नव्हे. दोहोंना एका तराजूत घालणे अन्यायाचे होईल. दुबईने २००२ मध्ये परदेशी माणसाला मालकीने घर घेण्याची वाट खुली केली आणि २००६ च्या कायद्याने ठरावीक भागांत तिला पक्के रूप दिले. २००८ च्या मंदीत तिथल्या घरांच्या किमती कोसळल्या, पुढे सावरल्या. २० लाख दिरहम किमतीच्या मालमत्तेवर दहा वर्षांचा निवासाचा व्हिसाही मिळू लागला. पण आमच्या पालकांसारख्यांचा फ्लॅट त्या किमतीचा नसतो. त्यांचा व्हिसा नोकरीवर असतो. नोकरी गेली तरी फ्लॅट त्यांचाच राहील, पण त्यात राहता येईलच असे नाही. इमारतीच्या देखभालीचे पैसे मात्र दर वर्षी भरावेच लागतील. थोडक्यात, खरेदीखत निराळे आणि परवाना निराळा.

हे सगळे आम्ही त्या पालकांना सांगितले. फ्लॅट घेऊ नका, असे म्हटले नाही. परदेशात भाडे भरण्यात ज्याची उमर गेली, त्याला स्वतःच्या छपराची ओढ वाटणे चूक कसे म्हणावे? एवढेच म्हटले, की ज्या घरात शिरायला परवाना लागतो त्याच्यासाठी, जिथे परवाना लागत नाही ते घर विकू नका. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सर, आमचे परदादाही आफ्रिकेला होते म्हणतात. अम्मीच्या ट्रंकेत त्यांचे काही कागद आहेत. आम्ही कधी उघडून पाहिले नाहीत."

आपल्या गावांतून अशा ट्रंका पुष्कळ असतील. त्यांत पिवळे पडलेले परवाने असतील, फोटो असतील, पत्रे असतील. वाळवी लागण्यापूर्वी ते कागद बाहेर काढून नीट ठेवले पाहिजेत. परदेशात घर घेताना आपल्या माणसांनी काय मिळवले आणि काय गमावले, याचा इतिहास त्यांच्यातच आहे.

हिस्सा विकायचा की नाही, हे अजून ठरलेले नाही. रजिस्टरमध्ये त्या मुलाच्या नावापुढे आम्ही सध्या गावाचाच पत्ता लिहिला आहे.