दफ्तराचें घर

जुन्या कागदांच्या शोधार्थ गांवोगांव हिंडणाऱ्या संशोधकास एक गोष्ट लवकरच कळून येते. ज्यास आज आपण सरकारी कागद म्हणूं, तो सरकारी वास्तूंत क्वचितच हातीं लागतो. तो सांपडतो देशपांड्यांच्या माळ्यावर, कुलकर्ण्यांच्या पडवींत, एखाद्या फडणिसाच्या वंशजाकडील देवघराच्या कोनाड्यांत. वंशजांनीं कागद पळविले असा तर्क कांहीं इंग्रज अधिकाऱ्यांनीं केला. तो अन्यायाचा आहे. मराठी राज्यांत परगण्याची व गांवची कचेरी म्हणजे बहुधा वतनदाराचें राहतें घरच असे. सरकार त्या जागेचें भाडें देत नसे, आणि स्वतंत्र इमारतहि बांधीत नसे. वतनाचें उत्पन्न ज्यास मिळे, त्यानेंच रुमाल, दौत, कारकून आणि छप्पर ह्यांची तरतूद करावी, असा तो व्यवहार होता. बड्या मुत्सद्द्यांचेंहि ह्याहून वेगळें नव्हतें. नाना फडणिसांचें दफ्तर वाईजवळ मेणवलीच्या वाड्यांत राहिलें, म्हणूनच रा. ब. पारसनिसांस तें तेथें मिळालें.

ह्या व्यवस्थेंत एक मोठा गुण होता. घर टिकवावयाचें म्हणजे हक्काचा पुरावाहि टिकवावयाचा, हें वतनदारास कोणी शिकवावें लागत नसे. दोषहि तितकाच उघड आहे: भाऊबंदकी झाली कीं भांड्यांबरोबर रुमालहि वांटले जात. एकाच परगण्याचे झाडे तीन घरांत विखुरलेले आढळतात, ते ह्यामुळेंच.

हुजूर दफ्तराची गोष्ट निराळी. तें खास राज्याचें. नानांच्या काळीं त्याची शिस्त उत्तम होती. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत तिकडे दुर्लक्ष झालें आणि १८१८ सालीं राज्य गेलें, तेव्हां इंग्रजांच्या हातीं कागदांचा विसकटलेला डोंगर आला. नव्या सरकारास पुण्यांत ना भाड्याची चिंता, ना बांधकामाची. पेशव्यांचे वाडे आयतेच मिळाले होते. शाळा, कचेऱ्या, तुरुंग, दवाखाने सर्व त्यांतच थाटलीं. फुकट मिळालेली जागा ही सर्वांत महाग पडते, हें पुढें दिसलें. २७ फेब्रुवारी १८२८ रोजीं शनिवारवाड्यास आग लागली ती सात दिवस विझली नाहीं. राजाच्या राहणीसाठीं उभारलेली ती सागवानी तुळयांची वास्तु कचेरीच्या कामीं लावणें म्हणजे गंजींत दिवा ठेवणेंच होय. दफ्तर वाचलें हें महाराष्ट्राचें भाग्य. तरीहि धडा घेतला गेला नाहीं. १३ मे १८७९ च्या रात्रीं बुधवार वाडा जळून गेला आणि विश्रामबागेचाहि मोठा भाग भस्म झाला. ती आग लावलेली होती, हें खरें. पण लांकडी वाडा नसता तर काडीनें इतकें काम केलें नसतें.

ह्यानंतर नऊ वर्षांनीं, १८८८ सालीं, पुण्यांत दफ्तरासाठींच म्हणून दगडी इमारत बांधावयास घेतली. ती १८९१ सालीं पुरी झाली. हीच एलिएनेशन कचेरी, म्हणजे आपलें पेशवे दफ्तर. रुमालांची संख्या ३९,००० च्या आसपास सांगतात. सरदेसायांचे पंचेचाळीस खंड (१९३०–३४) ह्याच छपराखालून निघाले. सरकारनें ही इमारत इतिहासप्रेमानें बांधिली असा भ्रम कोणीं बाळगूं नये. इनामांची चौकशी व सारामाफीचे हक्क ह्यांसाठीं त्यास हे कागद रोज लागत. परंतु गरज सरकारची असली तरी लाभ आपला झाला.

मुंबईंत हाच प्रश्न पैशाच्या अंगानें सुटला. रेकॉर्डरचें न्यायासन, त्यामागून १८२४ मध्यें सुरू झालेलें सुप्रीम कोर्ट आणि १८६२ सालचें हायकोर्ट, हीं अपोलो स्ट्रीटवरील एका जुन्या हवेलींत बसत. तिला कोणी हॉर्नबींचें घर म्हणत, कोणी ॲडमिरल्टी हाउस. न्यायासन निघून गेल्यावर तेथें हॉटेल झालें, ह्यावरून ती जागा न्यायाकरितां कितपत घडली होती तें वाचकांनींच ताडावें. फ्रिअरसाहेबांच्या कारकीर्दींत (१८६२–६७) कोटाचे तट पडले, जमीन मोकळी झाली आणि कापसाच्या तेजीनें तिला भाव आला. तेथून पुढें सचिवालय १८७४ मध्यें व हायकोर्ट १८७८ मध्यें पूर्ण झालें. कर्नल फुलर ह्यांनीं आंखलेल्या हायकोर्टास मंजुरी होती १६,४७,१९६ रुपयांची. खर्च आला १६,४४,५२८. मंजुरीपेक्षां २,६६८ रुपये कमी! सरकारी बांधकामाच्या इतिहासांत हा आंकडा चौकटींत लावून ठेवावा असा आहे.

भाड्याची जागा बरी कीं स्वतःची, हा वाद हिशेबनीस आजहि घालतात. ज्या खात्याचें काम दहा वर्षांत संपणार, त्यानें घर बांधूं नये हें आम्हांसहि मान्य आहे. पण हिशेबांत जागा बदलतांना गहाळ होणाऱ्या कागदाची किंमत कोठें धरलेली नसते. भाड्याच्या घरांतून निघतांना टेबलें मोजून नेतात, रुमाल नव्हे. उलट, मालकीची इमारत म्हणजे अभय असेंहि नाहीं. १९५५ पासून वापरांत असलेलें मुंबईचें मंत्रालय सरकारचें स्वतःचें. तरी २१ जून २०१२ च्या आगींत त्याचे वरचे मजले जळाले, पांच माणसें दगावलीं आणि असंख्य फायली नाहींशा झाल्या. भेद मालकीचा खरा, पण त्याहून मोठा भेद वास्तु कशासाठीं बांधली ह्याचा आहे. पुण्याची इमारत कागदासाठीं बांधिली होती. शनिवारवाडा नव्हे, आणि मंत्रालयहि नव्हे.

१९५० च्या कायद्यानें परगणे व कुलकर्णी वतनें संपलीं. वतनाबरोबर कचेरी गेली, घरें मात्र राहिलीं, आणि त्यांत रुमाल. ज्या संग्राहकांस असे रुमाल मिळतील त्यांनीं ते सोडण्यापूर्वीं घराचें नांव, दालन आणि कोणत्या कोनाड्यांत कोणता रुमाल होता, हें लिहून घ्यावें. ती जागा हीच त्या दफ्तराची जुनी यादी होय, आणि एकदां कागद हलले कीं ती पुन्हां मांडतां येत नाहीं.