ओतीव की घडीव? एका पिस्टनच्या निवडीचा इतिहास

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस पिस्टनवर काय बोलणार, असं तुमच्यापैकी काहींना वाटत असेल. पण निवड हा तत्त्वज्ञानाचा जुनाच विषय आहे. आणि आष्ट्यात बसून इंजिनाबद्दल बोलायचं नाही, तर कुठे बोलायचं? आपल्या एका अंगाला किर्लोस्करवाडी, दुसऱ्या अंगाला कोल्हापूरच्या फौंड्र्या.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या माळरानावर कारखाना उभा केला, तो लोखंडी नांगरासाठी. नांगराचे भाग ओतीव लोखंडाचे. पुढे कृष्णाकाठी पाणी उपसायला आणि गुऱ्हाळावर चरक फिरवायला ऑइल इंजिन आलं. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. कोल्हापूरच्या कारागिरांनी इंजिनं दुरुस्त करता करता सुटे भाग ओतायला सुरुवात केली आणि त्यातून ओतकामाची मोठी परंपरा उभी राहिली. म्हणजे आपल्या भागाचा हात मुळात ओतकामाचा.

त्या काळचं लिस्टर पद्धतीचं इंजिन मिनिटाला ६५० फेऱ्या मारी. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांत एक स्फोट, म्हणजे सेकंदाला पाच-साडेपाच स्फोट. तो ठेका जुन्या माणसांच्या कानात अजून असेल. अशा संथ इंजिनाला ओतीव लोखंडाचा जड पिस्टन चालतो. तिथे घडीव पिस्टन मागणं म्हणजे बैलगाडीला विमानाची चाकं मागण्यासारखं.

मग वेग वाढला. वेगात पिस्टनचं वजन शत्रू होतं, कारण प्रत्येक फेरीत तो दोनदा थांबतो आणि दोनदा पळतो. १९१३ साली इंग्लंडच्या डब्ल्यू. ओ. बेंटलीने एका फ्रेंच कारखान्यात टेबलावर ॲल्युमिनियमचा छोटा पिस्टन पाहिला. तो होता कागदावर ठेवायचं वजन! त्यावरून त्याने ॲल्युमिनियममध्ये तांबं मिसळून खरे पिस्टन करून घेतले, आणि पहिल्या महायुद्धात हे ज्ञान विमानांच्या इंजिनात गेलं. टर्बोची कल्पनाही त्याच काळातली. आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली तिचं पेटंट घेतलं. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर पंखा फिरवायचा आणि त्याने इंजिनात जास्त हवा कोंबायची. जास्त हवा, जास्त इंधन, जास्त ताकद. आणि पिस्टनच्या डोक्यावर जास्त भार.

हा भार केवढा, ते मोजून पाहू. २००४ च्या सुमारास आपल्याकडे स्कोडाची ऑक्टेव्हिया आरएस आली. इंजिन १.८ लिटरचं, टर्बोचं, सिलिंडरचा व्यास ८१ मिलिमीटर. पिस्टनच्या माथ्याचं क्षेत्रफळ सुमारे ५१ चौरस सेंटिमीटर. आतला दाब हवेच्या शंभरपट धरला, तर एका पिस्टनवर पाच टनांहून जास्त भार येतो. सहा हजार फेऱ्यांना तो सेकंदाला पन्नास वेळा येतो. ॲल्युमिनियम वितळतं ६६० अंशांना, आणि ज्वाळेचं तापमान दोन हजारांच्या वर. तरी पिस्टन टिकतो, कारण ज्वाळा क्षणभराची असते आणि तेल, रिंगा, सिलिंडरची भिंत उष्णता ओढून नेतात.

आता ओतीव आणि घडीव यांत फरक काय? वैशेषिकांनी कारणांचे तीन प्रकार सांगितले आहेत. कापडाचं समवायी कारण धागे, असमवायी कारण धाग्यांचा संयोग, आणि निमित्त कारण विणकर. दोन पिस्टनांत धातू जवळपास सारखा असू शकतो. बदलते ती आतली मांडणी. ओतताना धातू थिजतो, त्यात बारीक पोकळ्या राहू शकतात. घडताना तापलेला गोळा साच्यात प्रचंड दाबाखाली बसतो, पोकळ्या मिटतात, कण आकाराच्या वळणाने वाहतात. म्हणून तो पटकन तडकत नाही. घडाईसाठी महाग साचे आणि मोठे प्रेस लागतात, त्यामुळे ती आधी विमानांकडे आणि शर्यतींकडे गेली. घडाईची मोठी भारतीय कंपनी, भारत फोर्ज, १९६१ साली काढली ती आपल्या कराडच्या नीळकंठराव कल्याणींनी. क्रँकशाफ्टसारखे भाग घडवून तिने नाव कमावलं.

गॅरेजवाली मुलं मला विचारतात, "सर, फोर्ज्ड टाकले की काळजी मिटली ना?" नाही मिटली. घडीवातही दोन मुख्य मिश्रधातू आहेत. ४०३२ मध्ये सिलिकॉन साधारण बारा टक्के. तो कमी फुगतो, म्हणून सिलिंडरशी फट कमी ठेवता येते, थंड इंजिन खडखडत नाही, झीज कमी. रोज चालणाऱ्या गाडीला तो बरा. २६१८ मध्ये सिलिकॉन नाममात्र. तो जास्त चिवट, मार सोसणारा; त्याच घराण्यातल्या धातूचं कवच काँकर्ड विमानाला होतं. पण तो जास्त फुगतो. ८१ मिलिमीटरला शंभर अंशांमागे सुमारे ०.१८ मिलिमीटर, तर सिलिंडरचं लोखंड त्याच्या निम्मं. म्हणून फट जास्त ठेवावी लागते, सकाळी इंजिन वाजतं, आणि रिंगांच्या खाचा लवकर झिजतात. खूप बूस्ट आणि शर्यत असेल तरच त्याचा मान.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी ठरवा, गाडी कशासाठी आणि किती ताकदीची. मग कॉम्प्रेशन ठरवा. टर्बोला ते बेताचं लागतं. मग धातू. पिस्टन हातात आल्यावर तो मापून, बनवणाऱ्याच्या कागदावरच्या फटीप्रमाणे बोअर करा; आधी बोअर करून मग पिस्टन शोधू नका. बूस्ट वाढला की रिंगांच्या टोकांमधली फटही वाढवा, नाहीतर तापून टोकं भिडतात आणि पिस्टनचा काठ उपटतो. गजन पिन आणि कनेक्टिंग रॉड त्याच तोलाचे घ्या, कारण पुष्कळदा पिस्टनआधी रॉड वाकतो.

आणि शेवटचं. इंधन कमी पडलं किंवा ठिणगी फार लवकर पडली, तर नॉकिंग होतं. घडीव पिस्टन त्याला थोडा जास्त वेळ सोसतो, थांबवत नाही. कर्ज काढून इंजिन बांधणाऱ्या मुलाचे पैसे बहुतेक वेळा इथे जातात. धातू चांगला असतो, पण मापणी आणि ट्यूनिंगवर पैसे वाचवलेले असतात. "सगळ्यांत मजबूत कोणता?" हा प्रश्न अपुरा आहे. "कशासाठी मजबूत?" असं विचारलं, की उत्तराला आधार मिळतो. नांगर करणाऱ्यांनीही जमीन पाहूनच फाळ ठरवला होता.