पोषग्रंथीवरील शस्त्रक्रिया : एका त्यक्त मार्गाचा इतिहास

मेंदूच्या तळाशी, हाडाच्या खोबणीत वसलेली पोषग्रंथी वाटाण्याएवढीच असते. तिच्यात अर्बुद उद्भवून वाढले म्हणजे वरील दृष्टितंत्रिकांवर दाब पडून रोग्याची दृष्टी मंदावते. काहींचे हातपाय व जबडा वाढतात. या अतिवृद्धीचे वर्णन प्येर मारी यांनी १८८६ साली केले.

१९०७ साली इन्सब्रुक येथे हेर्मान श्लोफर यांनी नाक बाजूस वळवून, मागील जतुकास्थी भेदून असे अर्बुद प्रथम काढले. अमेरिकेत हार्वी कुशिंग यांनी ही पद्धती सुधारून १९१० ते १९२५ या काळात २३१ शस्त्रक्रिया केल्या. त्यांत मृत्यूचे प्रमाण ५.६ टक्के होते. प्रतिजैविकांपूर्वीच्या काळात हे यश असामान्यच म्हटले पाहिजे. तरीही कुशिंग यांनीच पुढे हा मार्ग सोडला. अरुंद, अंधाऱ्या वाटेतून वर पसरलेले अर्बुद दिसत नसे; कवटी उघडल्यास मात्र दृष्टितंत्रिका डोळ्यांसमोर येत. त्यांच्या अधिकारामुळे बहुतेक शल्यविशारदांनी हाच निर्णय स्वीकारला.

मूळचे व्हिएन्नाचे ऑस्कर हिर्श व कुशिंग यांचे एडिंबरोतील शिष्य नॉर्मन डॉट हे जुन्याच मार्गावर राहिले. डॉट यांच्यापासून पॅरिसच्या जेरार गियो यांनी, आणि गियो यांच्यापासून माँट्रिऑलच्या झ्यूल हार्डी यांनी ती विद्या घेतली. गियो यांनी तिला क्ष-किरणदर्शनाची, तर हार्डी यांनी १९६० नंतरच्या दशकात शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकाची जोड दिली. त्यामुळे निरोगी ग्रंथी राखून अगदी लहान अर्बुदही काढता येऊ लागले.

कुशिंग यांचा निर्णय त्या काळच्या साधनांपुरता योग्य होता. तो अंतिम न मानणाऱ्या मोजक्यांमुळेच ही विद्या पुढील पिढीच्या हाती आली.