देवगिरीचा कातळ आणि अग्नी

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळकडे निघालेला प्रवासी वाटेत दौलताबादचा, म्हणजेच यादवांच्या देवगिरीचा, किल्ला सहसा चुकवत नाही. तेथील ‘अंधारी’ हे भुयार डोंगराच्या कातळातच खोदलेले आहे. शत्रू त्यात शिरलाच, तर वरच्या तोंडावरील लोखंडी झाकणावर आग पेटवून धुराने व धगीने त्याची कोंडी करावी, अशी योजना सांगतात. या युद्धनीतीचे कौतुक पुष्कळ झाले. आम्हांला मात्र कुतूहल आहे ते कातळाचे. जेथे अग्नी हेच शस्त्र, तेथे दगडालाही त्याची धग सोसायला हवी.

हा कातळ बेसॉल्टचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थिजून तो घडला. अग्नी हे त्याचे माहेरच म्हणा ना! त्यात क्वार्ट्झ जवळजवळ नसते. ग्रॅनाइटमधले क्वार्ट्झ ५७३ अंश सेल्सिअसला रचना बदलून फुगते आणि दगड तडकतो. संगमरवर व चुनखडक ८०० ते ९०० अंशांच्या सुमारास भाजून त्यांचा चुनाच होतो. बीबी-का-मकबऱ्यात संगमरवर आणि काळा दगड एकाच वास्तूत नांदतात. अग्नीपुढे मात्र त्यांची गत एक होणार नाही. काळा दगडही सगळा एकजात नसतो. मराठवाड्यातील दगडाच्या पोकळ्यांत झिओलाइट सापडते. ते पाणी धरून ठेवते आणि तापताच वाफ सोडते; म्हणूनच क्रॉनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५६ साली त्याला ‘उकळणारा दगड’ अशा अर्थाचे नाव दिले.

आज भिंतीची परीक्षा भट्टीत होते. प्रमाणित आलेखानुसार अर्ध्या तासात ८४२, तासाभरात ९४५ अंश. भार पेलतो का, भेगेतून ज्वाळा पलीकडे जाते का, मागची बाजू किती तापते, एवढेच पाहायचे. निकाल मिनिटांत मोजतात.

‘दगड जळत नाही’ या समजुतीवर आपणही विसंबतो. पण आपल्या जुन्या ख्रिस्तमंदिरांची आढी लाकडाची असतात, हे विसरतो. पॅरिसच्या नोत्र दाममध्ये १५ एप्रिल २०१९ रोजी पेटले ते लाकडी छप्परच. चुनखडकाच्या कमानदार छताचा काही भाग कोसळला, बराचसा तगला. विमानातून पाणी ओतण्याची सूचना झाली, तेव्हा त्या माऱ्याने सारी वास्तूच ढासळेल, असे फ्रेंच यंत्रणेने बजावले. तापलेला दगड एकाएकी निवला तरी तडकतो. चुनखडकातील लोहांश तापून तांबूस होतो. धग किती खोल शिरली, हे जळितानंतर त्या रंगावरून पारखता येते आणि कोणता दगड ठेवायचा, कोणता काढायचा, ते ठरते.