बहराचं वेळापत्रक

बंगलोरला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी लालबागेत नेते, हे आता आमच्या सगळ्या नातेवाइकांना पाठ झालंय. पण बागेला लागून असलेल्या क्रुम्बिगल रोडचं नाव कुणाचं, हे सांगायचं मात्र दरवेळी राहूनच जातं. म्हणून आज लिहितेय.

गुस्ताव क्रुम्बिगल हा जर्मन माणूस. लंडनच्या क्यू उद्यानात काम केलेला. १८९३ साली त्याला हिंदुस्थानात आणलं ते आपल्या सयाजीराव गायकवाडांनी, बडोद्याच्या बागांसाठी. १९०८ मध्ये म्हैसूरच्या राजांनी त्याला बोलावून घेतलं आणि पुढे लालबाग त्याच्या हाती आली. रस्त्यांवर झाडं लावताना त्याची कल्पना अशी, की एकाचा बहर ओसरला की दुसऱ्याचा सुरू व्हावा, म्हणजे वर्षभर कुठला ना कुठला रस्ता फुललेला. आजही इथे आधी गुलाबी टॅबेबुया, मग निळा जॅकरंडा आणि भर उन्हाळ्यात गुलमोहर असे पाळीपाळीने येतात. महायुद्धात जर्मन म्हणून इंग्रजांनी या माणसाला स्थानबद्धही केलं. तरी तो परत गेला नाही. १९५६ साली इथेच वारला, होसूर रोडवरच्या दफनभूमीत आहे.

दुसरं नाव नेगिनहाळ. हे वनखात्यातले अधिकारी. १९८० च्या दशकात शहर वाढत चाललं, उघडं पडू लागलं, तेव्हा त्यांच्यावर काम सोपवलं गेलं. जंगल सोडून गल्लीबोळात आलेला वनाधिकारी! त्यांच्या कारकिर्दीत सुमारे १५ लाख झाडं लागली असं सांगतात. शहरात रोप लावणं सोपं, जगवणं कठीण. गुरं खातात, पोरं मोडतात, वरून विजेच्या तारा. रोप चांगलं उंच झाल्यावरच लावायचं, भोवती पिंजरा घालायचा, राखायचं, हे सगळं बिनबोभाट करावं लागतं. मे २०२१ मध्ये करोनाच्या लाटेत ते गेले. त्या गदारोळात फारशी कुणाला दखलही घेता आली नाही.

आमच्या गल्लीतली झाडं त्यांच्याच काळातली असावीत. मध्यंतरी फुटपाथ करताना कुणीतरी बुंध्यापर्यंत सिमेंट ओतलं. मुळांना ना पाणी ना हवा. पुढच्याच वळवात दोन आडवी झाली आणि "जुनी झाली होती" असं सगळे म्हणाले. चाळीस वर्षांचं झाड जुनं?

तरी निराश व्हायचं कारण नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये पोलादी उड्डाणपुलासाठी आठशेवर झाडं जाणार होती, तेव्हा हजारो लोक हातात हात घालून रस्त्यावर उभे राहिले. मार्च २०१७ मध्ये सरकारने तो पूल रद्द केला.

लावणाऱ्यांची नावं निदान रस्त्याला तरी मिळतात. राखणाऱ्यांना तेही नाही. तुमच्या दारच्या झाडाभोवती हातभर माती मोकळी आहे ना, तेवढं एकदा बघून या.