उसन्या कीर्तीचा खेळ

निमित्त आणि कारण यांतील भेद इतिहासाच्या अभ्यासकास पदोपदीं पाहावा लागतो. १७६१ सालीं पानिपतावर मराठ्यांचा पराभव झाला तो एका दिवसांत. पण त्याचीं कारणें एका दिवसाचीं नव्हतीं. हा भेद केवळ राजकारणांतच आढळतो असें नाहीं; मुलांच्या खेळण्यांच्या व्यापारांतहि तो आढळतो. अशाच एका खेळाची हकीकत आज वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय क्षुल्लक वाटेल. पण ज्या घरांतून मुलें पडद्यापुढें तासन् तास बसतात, तेथील वडील मंडळींस तो अगदींच परका वाटूं नये.

खेळाचें नांव 'ई.टी.'. स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा त्याच नांवाचा चित्रपट १९८२ च्या जूनमध्यें अमेरिकेंत प्रदर्शित झाला. पृथ्वीवर एकट्या पडलेल्या परग्रहवासी जीवाची ती कथा लहानथोरांच्या मनास इतकी भिडली कीं, त्या नांवावर कांहींहि विकलें जाईल असें व्यापाऱ्यांस वाटूं लागलें. घरगुती व्हिडिओ गेमच्या धंद्यांत तेव्हां अटारी कंपनीचें वर्चस्व होतें व तिची मालकी वॉर्नर कम्युनिकेशन्सकडे होती. नांवाच्या हक्कासाठीं दोन ते अडीच कोटी डॉलर मोजले गेले, असें सांगतात. वाटाघाटींतच जुलै संपत आला. नाताळच्या बाजारांत माल यावयाचा, तर खेळ १ सप्टेंबरपर्यंत सिद्ध व्हावयास हवा होता. एरवीं ज्या कामास कित्येक महिने लागत, त्यास पांच आठवडे मिळाले.

हें काम हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ या तरुण कारागिरावर पडलें. तो नवशिका नव्हता. त्याचा 'यार्स रिव्हेंज' हा खेळ लोकांनीं उचलून धरला होता. साधनें मात्र तुटपुंजीं होतीं. अटारी २६०० या यंत्राची चालू स्मृति अवघी १२८ बाइट, आणि सबंध खेळ बसवावयाचा तो ८ किलोबाइटांत! 'पॅक-मॅन'सारखें कांहीं करावें, असें स्पीलबर्ग यांनीं सुचविलें. वॉर्शॉनें स्वतंत्र रचना पत्करली. ई.टी.नें खड्ड्यांतून दूरध्वनीचे तीन तुकडे शोधावे, घरीं निरोप धाडावा आणि आपलें यान गांठावें, अशी ती कल्पना. ती वाईट नव्हती. पण आकृतीचा नुसता कोपरा कडेस लागला तरी ई.टी. खड्ड्यांत पडे, आणि वर येतांच पुन्हां त्यांतच पडे. चार मुलांच्या हातीं खेळ देऊन पाहिला असता, तर हा दोष तेव्हांच उघड झाला असता. तशी सवडच कोणीं ठेविली नव्हती.

परिणाम व्हावयाचा तोच झाला. लाखो प्रती खपल्या खऱ्या, परंतु त्याहून अधिक पडून राहिल्या. १९८३ सालीं अटारीस ५३ कोटी ६० लाख डॉलरांचा तोटा आला. त्याच वर्षींच्या सप्टेंबरांत न विकलेला माल न्यू मेक्सिकोंतील अलामोगोर्डो येथें कचऱ्याच्या खड्ड्यांत पुरण्यांत आला, आणि 'एका खेळानें सारा धंदा बुडविला' ही दंतकथा जन्मास आली.

ती कितपत खरी? १९७९ सालींच अटारीचे चार कुशल कारागीर, ना नांव ना नफ्यांत वांटा, म्हणून बाहेर पडले व त्यांनीं ॲक्टिव्हिजन ही संस्था काढली. मग ज्याला त्याला खेळ काढण्याची हांव सुटली. कुत्र्यांचें खाद्य विकणाऱ्या कंपनीनेंहि आपल्या जाहिरातीसाठीं एक खेळ काढला. दुकानें मालानें तुडुंब भरलीं. ७ डिसेंबर १९८२ रोजीं वॉर्नरनें नफ्याचा अंदाज खालीं आणला, तेव्हां 'ई.टी.' बाजारांत नुकताच आला होता. पुढें २६ एप्रिल २०१४ रोजीं तो खड्डा उकरला, तेव्हां 'ई.टी.' सांपडला खरा. पण त्याच्या शेजारीं 'सेंटिपीड'सारखे लोकप्रिय खेळहि निघाले. ती समाधि एका खेळाची नव्हती. एका व्यापारनीतीची होती.

कथा उसनी घेणें हा दोष, असें आम्ही म्हणत नाहीं. आमचे कीर्तनकार आख्यानें पुराणांतूनच घेतात. पण तीं रंगविण्यासाठीं जन्म वेंचतात. याच वॉर्शॉनें चित्रपटावरूनच रचलेला 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' हा खेळ पुरेशा अवधींत तयार झाला, आणि लोकांस तो आवडलाहि. येथें मात्र नांवासाठीं कोट्यवधि डॉलर निघाले आणि कामासाठीं सहावा आठवडा निघाला नाहीं. वॉर्शॉ पुढें मानसोपचाराच्या व्यवसायांत गेला. पांच आठवड्यांत त्यानें जें केलें तें पाहतां, दोषाचें माप त्याच्या पदरांत घालणें आम्हांस न्यायाचें वाटत नाहीं.